मातीचा मूळ धनी: धातूंच्या समस्थानिकांवरून खडकांच्या झिजेचा शोध

महसूल खात्याच्या चाकरींत असतांना एके दिवशीं दुपारीं एक वयोवृद्ध शेतकरी आमच्या टेबलाशीं आले, व पंचाची गांठ सोडून त्यांनीं चार दगड आमच्या कागदांवर मांडले. दगड तांबूस असून त्यांत हिरव्या शिरा होत्या, आणि मधून मधून अभ्रकाचे कण चमकत होते. "साहेब, हे तांबं हाय म्हणत्यात. नोंद करून घ्या," असें ते म्हणाले. चौकशी करतां असें कळलें कीं, कोणी एक फिरता मनुष्य गांवांत येऊन त्यांच्या माळाखालीं तांब्याची खाण आहे असें सांगून गेला होता. त्याच्या भरंवशावर म्हाताऱ्यांनीं बैलजोडी विकून तीन पुरुष खोल खड्डा खणविला होता. आम्हीं त्यांस बाबा म्हणून जवळ बसविलें व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचें ४८ वें कलम वाचून दाखविलें. म्हणजे जमिनीच्या पोटांतील खनिजावर हक्क सरकारचा, खातेदाराचा नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें तें उत्तर बरोबरच होतें. परंतु त्यांचा प्रश्न तो नव्हताच. "कुणाचं ते मागून बघू. पर हाय का न्हाई, तेवढं सांगा की," असें ते म्हणाले. याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें; आणि ते दगड पुन्हां पंचांत बांधून ते निघून गेले.

ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. सेवानिवृत्तीनंतर रिकामपण मिळालें तेव्हां आम्हीं खडक, माती व धातू यांविषयीं जें हातीं लागेल तें वाचण्यास आरंभ केला. आमचें शिक्षण मराठी सातवीपर्यंतचें. त्यामुळें समजावयास वेळ लागला, व कित्येक गोष्टी दुसऱ्यांकडून समजावून घ्याव्या लागल्या. वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, त्या बाबांच्या प्रश्नाचें उत्तर ज्या विद्येंत आहे, त्याच विद्येंत आपल्या काळ्या मातीच्या जमाखर्चाचें उत्तरही आहे. सबब वाचकांपुढें दोन्ही एकत्रच ठेवतों.

आपला बिलोली तालुका दोन खडकांच्या शिवेवर वसलेला आहे. पश्चिमेकडून पसरत आलेला काळा फत्तर, ज्यास भूगर्भशास्त्रवेत्ते दख्खनचा ट्रॅप म्हणतात, तो नांदेड जिल्ह्याच्या मोठ्या भागावर आहे. परंतु देगलूर-बिलोलीकडे येतां येतां तो पातळ होऊन संपतो, व त्याखालचा ग्रॅनाइट जातीचा जुना खडक उघडा पडतो. गोल गोल टोळे एकावर एक रचल्यासारखे दिसतात तो हाच खडक. काळा फत्तर म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेला तप्त रस; आणि ग्रॅनाइट सुमारें २५० कोटी वर्षांचा. एकाच शिवारांत पोरगा व पणजोबा शेजारीं शेजारीं नांदत आहेत असें म्हटलें तरी चालेल, आणि तेंही वयाच्या फरकाचें मान राखून म्हटलें असें होणार नाहीं.

दोन्ही खडक कुजतात, परंतु निरनिराळ्या तऱ्हेनें. पावसाचें पाणी हवेंतून व मुळांच्या श्वासांतून कर्बाम्ल घेतें. त्या सौम्य आम्लानें खडकांतील सोडा, चुना व मॅग्नेशिया हळूहळू विरघळून निघून जातात. आपल्या विहिरींचें पाणी जड लागतें व काळ्या रानांत चुनखडीचे खडे सांपडतात, तो याच निघून गेलेल्या मालाचा कांहीं अंश होय. लोखंड मात्र सहजासहजीं जात नाहीं. तें गंजून तेथेंच राहतें. काळ्या फत्तरांत वाळू होण्याजोगा गारेचा अंश जवळजवळ नसतोच, म्हणून तो कुजला म्हणजे सारी चिकण माती होते. ती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगते. ग्रॅनाइटांतील गार कुजत नाहीं. ती वाळू होऊन उरते, व मधल्या जागेंत तांबूस माती बसते. तेलंगणाच्या बाजूस अशा जमिनीस चेलका म्हणतात. वाळूचे दर व वाळूचे तंटे आपल्या तालुक्यांत सर्वांस ठाऊक आहेतच. ती मांजऱ्याची वाळू बहुतांशीं या जुन्या खडकाचीच देणगी आहे.

पाऊस विपुल असला, निचरा चांगला असला आणि लक्षावधि वर्षें मिळालीं, म्हणजे खडकांतील वाळूचें मूलद्रव्यही, ज्यास सिलिका म्हणतात, तें विरघळून जातें, व मागें केवळ लोखंड व ॲल्युमिनियम यांचा गंज उरतो. तोच जांभा दगड. त्यास लॅटराइट हें इंग्रजी नांव फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं मलबारांतील अंगाडिपुरम येथील दगडावरून दिलें. आपल्यास जवळचा जांभा बिदरचा. बिदरचें पठार त्याचेंच आहे. बिदरी कामाचे कारागीर जस्त व तांबें यांच्या मिश्रणाचीं भांडीं घडवून, त्यांवर रुपें जडवून, शेवटीं काळा रंग चढविण्यासाठीं किल्ल्यांतील जुनी माती नवसागरांत मिसळून वापरतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. कोल्हापूरकडे राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांतील डोंगरमाथ्यांवर हीच क्रिया आणखी पुढें गेली, आणि ॲल्युमिनियमची कच्ची धातू, बॉक्साइट, तयार झाली. ज्या काळ्या फत्तरांत ॲल्युमिनाचे शंभरांत चौदा-पंधरा भाग असतात, त्याच्याच माथ्यावर चाळीसांहून अधिक भागांचा दगड मिळतो. वरून कोणीं कांहीं घातलें नाहीं. दूध आटवून खवा करावा तसा बाकीचा माल निघून गेल्यानें हा घट्ट झाला.

तेव्हां कित्येक खाणी म्हणजे झिजेचेंच फळ होय. आतां प्रश्न असा कीं, एखाद्या खडकाची झीज किती झाली, त्यांतून कोणता धातू गेला व गेलेला धातू कोठें जाऊन बसला, हें कसें ओळखावें? येथें समस्थानिकांचा उपयोग होतो.

एकाच धातूचे सर्व अणु अगदीं एका वजनाचे नसतात. तांब्याच्या प्रत्येक अणूच्या गर्भांत प्रोटॉन नांवाचे २९ कण असतात; ते २९ आहेत म्हणूनच तो अणु तांब्याचा. परंतु त्यांसोबत न्यूट्रॉन नांवाचे दुसरे कण कांहीं अणूंत ३४ असतात, कांहींत ३६. म्हणून एक भाऊ ६३ वजनाचा व दुसरा ६५ वजनाचा. रंग, रूप, गुण एकच. फरक केवळ वजनाचा. यांस समस्थानिक म्हणतात. सामान्य तांब्यांत शंभरांपैकीं सुमारें ६९ अणु हलक्या भावाचे व ३१ जड भावाचे असतात. हे किरणोत्सर्ग करणारे नव्हेत, घरच्या तांब्याच्या घागरींतही हेच आहेत. त्यांचें भय कोणीं धरूं नये.

हें प्रमाण मोजण्याचें यंत्र आपल्या खळ्यावरील उफणणीसारखें आहे. धातूची वाफ करून तिचे कण विद्युत्भारित करतात व वेगानें लोहचुंबकाच्या पट्ट्यांतून सोडतात. हलका कण अधिक वळतो, जड कण कमी वळतो, व प्रत्येक जातीचे कण आपापल्या पेल्यांत पडतात. खळ्यावर वाऱ्यानें भूस लांब व दाणा जवळ पडतो, तसेंच. फरक इतकाच कीं, येथें हजारांत एकाच्याही अंशाइतका फरक मोजतां यावा लागतो. तांबें, लोखंड, जस्त यांचें असें सूक्ष्म मोजमाप करणारीं यंत्रें १९९० नंतरच प्रचारांत आलीं. म्हणून ही विद्या नवी आहे, आणि आमच्या पिढीच्या शाळेंत ती शिकविली गेली नाहीं यांत नवल नाहीं.

आतां तांब्याच्या डोंगराकडे चलूं. भूमीच्या पोटांतील मूळ तांबें बहुधा गंधक व लोखंड यांच्याशीं संयुक्त असतें. त्या मूळ धातूंत जड व हलक्या भावांचें प्रमाण ठरीव मापाच्या जवळपासच असतें. डोंगराचा माथा उघडा पडला म्हणजे हवा व पाणी यांच्या योगानें गंधकापासून गंधकाम्ल तयार होतें, व त्या आम्लांत तांबें विरघळूं लागतें. या विरघळण्यांत जड भाऊ, म्हणजे ६५ चा, थोड्या अधिक प्रमाणांत पाण्याबरोबर जातो. माथ्यावर जो गंजका तांबडा खडक उरतो, ज्यास खाणवाले टोपी म्हणतात, त्यांत हलका भाऊ अधिक उरतो. पाणी खालीं मुरत जाऊन जेथें हवा पोंचत नाहीं अशा पाण्याच्या पातळीशीं आलें, म्हणजे त्यांतील तांबें पुन्हां घन होऊन बसतें. कित्येक ठिकाणीं मूळ खडकापेक्षां हा खालचा थर अनेक पटींनीं संपन्न असतो. आणि त्यांतील तांबें जड असतें. म्हणजे माथा हलका, मधला थर जड, व तळ मापाबरोबर, असा हा तीन खणांचा हिशेब झाला.

शोधकांस याचा उपयोग असा. टोपीच्या गंजांत जें थोडें तांबें उरलें असेल त्याचें वजनप्रमाण काढलें, व तें बरेंच हलकें भरलें, तर येथून पुष्कळ तांबें निघून खालीं गेलें असण्याचा संभव अधिक. तें मापाजवळच भरलें, तर झीज फारशी झालेली नाहीं, किंवा मुळांतच कांहीं नव्हतें. तसेंच ओढ्याच्या पाण्यांतील तांबें जड भरलें, तर वरच्या अंगास कोठें तरी गंधकयुक्त तांब्याचा खडक आजही झिजत आहे असा तर्क करतां येतो. आपल्या गोंदियाच्या शेजारीं, मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्ह्यांत, मलाजखंड येथें हिंदुस्थान कॉपर कंपनीनें १९८२ पासून चालविलेली तांब्याची मोठी खाण आहे. तेथेंही माथ्याचा खडक हवापाण्यानें पालटलेला व त्याखालीं पुन्हां जमलेल्या तांब्याचा थर अशी मांडणी आढळते. ही वरची टोपी व खालचा थर यांचा संबंध पूर्वीं केवळ डोळ्यांनीं व भोकें पाडून ओळखावा लागे. आतां भोक कोठें पाडावें हें ठरविण्यास हलक्या-जड भावांची साक्ष घेतां येते. साक्षच ती, एका साक्षीवर निकाल देऊं नये हें आम्हां कचेरींतील लोकांस सांगावयास नको.

त्या बाबांच्या दगडांकडे आतां मागें वळून पाहतां, त्या हिरव्या शिरा बहुधा एपिडोट नांवाच्या खनिजाच्या असाव्यात. ग्रॅनाइटाच्या भेगांत तें पुष्कळ ठिकाणीं सांपडतें. त्याचा रंग पिस्त्यासारखा पिवळट हिरवा असतो, आणि त्यांत तांबें नसतें. तांब्याचा हिरवा गंज मोरचुदाच्या वळणावर जाणारा निळसर हिरवा असतो, व त्यावर आम्ल टाकलें तर तो विरघळून फेंस येतो. एपिडोटास असें कांहीं होत नाहीं. इतकी साधी परीक्षा आम्हांस त्या दिवशीं ठाऊक असती, तर निदान खड्डा आणखी खोल करूं नका एवढें तरी त्यांस ठामपणें सांगतां आलें असतें. अभ्रकाची चमक व माळाचा तांबडा रंग यांवरून तर धातूचें अनुमान मुळींच काढूं नये. लोखंडाचा गंज शंभरांत तीन-चार भाग असला तरी माळ तांबडा दिसतो.

लोखंडाचेही चार समस्थानिक आहेत: ५४, ५६, ५७ व ५८, त्यांपैकीं ५६ चा शंभरांत सुमारें ९२ असतो. तळ्याखालच्या पाणथळ भातशेतींत पाणी बरेच दिवस सांचून राहिलें कीं त्यावर तांबूस साय येते, हें आपण पाहतों. पाण्याखालीं हवा न मिळाल्यानें मातींतील लोखंड विरघळतें व वर येऊन पुन्हां गंजतें. या विरघळण्यांत हलकें लोखंड आधीं निघतें. म्हणून एखाद्या जमिनीच्या थरांतून लोखंडाची ये-जा कशी झाली हें त्यावरून कळतें. लिथियम या अगदीं हलक्या धातूचे ६ व ७ असे दोन भाऊ आहेत. चिकण माती तयार होतांना ती ६ ला धरून ठेवते व ७ पाण्याबरोबर जातो. नदीच्या पाण्यांतील या दोघांच्या प्रमाणावरून वरच्या खोऱ्यांत खडकाची माती कोणत्या रीतीनें होत आहे याचा अंदाज बांधतात.

येथवर जे समस्थानिक सांगितले ते झिजेच्या वेळीं विभक्त होणारे. दुसरी एक जात आहे, ती झिजेनें फारशी विभक्त होत नाहीं, तर खडकाच्या जन्मापासूनची वंशावळ जपून ठेवते. आम्हांस ही अधिक आवडली, कारण ती आमच्या फेरफार नोंदवहीसारखी आहे. जमीन कितीही हातांतून गेली तरी जुने फेरफार काढले कीं मूळ धनी सांपडतो.

नियोडिमियम नांवाचा एक धातू सर्व खडकांत अत्यल्प प्रमाणांत असतो. त्याचा १४३ वजनाचा जो अणु, तो समेरियम नांवाच्या दुसऱ्या धातूच्या १४७ वजनाच्या अणूपासून हळूहळू तयार होत असतो. ही क्रिया इतकी मंद कीं, अर्धें समेरियम संपावयास सुमारें १०,६०० कोटी वर्षें लागावीं. जुन्या ग्रॅनाइटांत नियोडिमियमच्या मानानें समेरियम कमी. म्हणून २५० कोटी वर्षांत त्याच्या खात्यांत १४३ ची जमा मागें पडली. काळा फत्तर अलीकडे खोल पोटांतून वर आला. तेथें समेरियमचें प्रमाण अधिक, म्हणून जमा अधिक. शास्त्रज्ञांनीं यासाठीं एक माप केलें आहे. त्यांत काळ्या फत्तराचा आंकडा साधारणपणें शून्याच्या मागेंपुढें येतो, व जुन्या ग्रॅनाइटाचा उणे तीसच्या सुमारास. खडकाची माती झाली, माती नदींत गेली, नदींतून समुद्रांत गेली, तरी हा आंकडा बदलत नाहीं. दोन्हींची माती मिसळली तर आंकडा मधला येतो. दुधांत पाणी किती हें जसें काढतात, तसें कोणत्या खडकाची माती किती हें त्यावरून काढतां येतें.

स्ट्रॉन्शियम या धातूचेंही असेंच आहे. त्याच्या ८७ व ८६ या दोन समस्थानिकांचें गुणोत्तर काळ्या फत्तरांत बहुतेक ठिकाणीं ०.७०४ ते ०.७१० च्या आसपास असतें, व जुन्या ग्रॅनाइटांत त्याहून बरेंच चढतें.

आतां आपली मांजरा पहा. ती बीड जिल्ह्यांत पाटोदा तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते. लातूरच्या काळ्या रानांतून, बिदरच्या जांभ्याखालून जाऊन तेलंगणांतील ग्रॅनाइटांत शिरते. तेथें निजामसागराच्या धरणांत, ज्याचें काम १९२३ ते १९३१ या काळांत झालें, थोडी विसांवते. आणि उत्तरेकडे वळून आपल्या तालुक्याच्या कडेनें जाऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. म्हणजे तिच्या पाण्यांत फत्तर, जांभा व ग्रॅनाइट या तिघांचा माल आहे. निजामसागराची साठवण गाळानें किती घटली ही गोष्ट त्या बाजूचे शेतकरी आपल्याहून अधिक जाणतात. आणि तो गाळ म्हणजे दुसरें कांहीं नव्हे, वरच्या जिल्ह्यांतील शेतांचा वरचा थर.

गोदावरी हा सर्व माल बंगालच्या उपसागरांत नेते. तिच्या खोऱ्याचा सुमारें अर्धा भाग काळ्या फत्तराचा, व बाकीचा बहुतांशीं जुन्या खडकांचा. २००६ सालीं भारत सरकारच्या वायुशोधन मोहिमेंत जॉयडेस रेझोल्युशन नांवाच्या जहाजानें गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाच्या चिखलांत नळी घालून चिखलाचा उभा स्तंभ वर काढला. नदीनें दरवर्षीं आणून टाकलेल्या मातीचे थर त्यांत एकावर एक बसलेले होते; गेल्या दहाएक हजार वर्षांची जणूं जमाबंदीच ती. लिव्हियू जोसान व त्यांचे सहकारी यांनीं या स्तंभाचा अभ्यास करून २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. थरांच्या जाडीवरून किती माती आली हें काढलें. नियोडिमियमच्या आंकड्यावरून ती कोणत्या खडकाच्या मुलुखांतून आली हें काढलें. आणि मातींतील कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कर्बावरून, समुद्रांत पोंचण्यापूर्वीं ती जमिनींत किती काळ पडून होती हें काढलें.

निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. पाऊस अधिक पडला म्हणजे माती अधिक वाहील असें आपण सहज म्हणूं. तेथें उलट दिसलें. गेल्या चारएक हजार वर्षांत पावसाचें मान कमी होत गेलें, झाडी विरळ झाली, आणि मातीची धूप वाढली. उघड्या जमिनीवर थोडा पण जोराचा पाऊस पडला कीं तो माती घेऊन जातो. पुढें दख्खनच्या पठारावर शेती सुरू झाली, लोखंडाच्या अवजारांच्या काळांत ती पसरली, व त्यानें धुपेस आणखी जोर आला. समुद्रांत पोंचणारा कर्बही पूर्वींपेक्षां अधिक जुना दिसूं लागला. म्हणजे केवळ वरची ताजी माती नव्हे, तर दीर्घ काळ जमिनींत मुरलेला जुना सांठा उपसला जाऊं लागला. नांगर धरणाऱ्यास यांत दोष देण्याचा हेतु त्या विद्वानांचा नाहीं, व आमचाही नाहीं. आपले पूर्वज उपाशी राहिले असते तर हा लेख लिहावयास कोणी उरलें नसतें. परंतु आपल्या काळ्या रानांतील माती कोठें जाते याचा दाखला ४,००० वर्षांच्या वहींत मिळतो, ही गोष्ट खरी.

आम्ही पैसेवारीच्या वेळीं शिवारें फिरत असूं तेव्हां एक गोष्ट नेहमीं दिसे. उताराच्या रानांत वरच्या बाजूस मुरूम उघडा पडलेला, व खालच्या बांधाशीं हातभर काळी. दोन्ही एकाच गटाची, एकाच आकाराची. पण वरच्या अर्ध्यांत पीक चार आणे, खालीं बारा आणे. बांध फुटलेला असला तर खालचीही हातभर काळी ओढ्यांत गेलेली. सरबांधावर गवत राखणें, उताराला आडवी पेरणी करणें, धसकटें रानांतच ठेवणें, हे उपाय जुने आहेत व त्यांस समस्थानिकांच्या यंत्राची गरज नाहीं.

गेलेली माती थोडीफार परत आणण्याची सोय मात्र तळ्याच्या गाळांत आहे. ज्या २०१७ सालीं वरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्याच सालीं महाराष्ट्र सरकारनें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. माळाच्या तांबड, वाळूसर जमिनींत काळा गाळ घातल्यास ओल धरून ठेवण्याची तिची शक्ति वाढते. ग्रॅनाइटाच्या बाजूच्या आपल्या शेतकऱ्यांस हा लाभ विशेष आहे. परंतु भारी काळ्या किंवा चोपण रानांत तोच गाळ टाकूं नये. तेथें आधींच निचरा कमी, तो आणखी बिघडतो. गाळ कोठलाही आंधळेपणानें उचलूं नये. तळ्याच्या तोंडाशीं वाळू बसते, पाळीजवळ बारीक माती बसते. दोन्ही ठिकाणचा नमुना निराळा घ्यावा. सगरोळीच्या कृषि विज्ञान केंद्रांत किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठांत मातीचें पृथक्करण करून मिळतें. खारटपणा, आम्ल-विम्लता व सेंद्रिय कर्ब हे तीन आंकडे पाहिल्यावांचून गाड्या भरूं नयेत. नियोडिमियमचा आंकडा मातीचें गांव सांगेल, कस सांगणार नाहीं.

गाळ चैत्र-वैशाखांत तळें कोरडें असतां काढावा, रानांत ढीग न ठेवतां पातळ पसरावा, उन्हानें ढेकळें तडकूं द्यावीं, आणि रोहिणी-मृगाच्या सरींनीं तीं विरघळल्यावर वखराची पाळी देऊन मिसळावा. पहिल्या वर्षीं एका कोपऱ्यांत दहा-वीस गुंठ्यांवर करून पहावें. पीक पाहून पुढच्या वर्षीं वाढवावें.